राखेची वीट झाली, मग स्लॅबची खडी का नाही?

एकलहरे, हिंगणवेढे, कोटमगाव, जाखोरी, सामनगाव, ओढा आणि शिलापूर परिसरातल्या घरमालकांना, गवंड्यांना, ठेकेदारांना, ट्रॅक्टर-जेसीबीवाल्यांना, वीट-ब्लॉकवाल्यांना आणि ग्रामपंचायत सदस्यांना जाहीर आवाहन



पावसाळा तोंडावर आला की आपल्याकडे बांधकामांची घाई उडते. कुणी पत्र्याची खोली पाडून स्लॅब टाकतंय, कुणी न्हाणीघराच्या फरशा बदलतंय, कुणाची कुंपणभिंत रस्त्याच्या रुंदीत जाणार आहे. म्हणून हे आवाहन आज, एप्रिलमध्येच. मागणं दोनच आहे. या मोसमात राडारोड्याची एकही ट्रॉली गोदावरीच्या काठावर, नाल्यात किंवा बंधाऱ्याच्या पाण्यालगत रिकामी होऊ देऊ नका. आणि 1 मेच्या ग्रामसभेला येऊन राडारोड्यासाठी गावाची एक ठरलेली जागा मागून घ्या. ज्यांना वेळ नाही त्यांनी इथवर वाचलं तरी चालेल. ज्यांना हे पटत नाही त्यांनी मात्र पुढचं वाचावंच.

टाकाऊ मालाचं काय करायचं हे एकलहऱ्याला कुणी बाहेरून येऊन शिकवावं, असं काही नाही. 1970 च्या सुमाराला इथल्या औष्णिक विद्युत केंद्राचे पहिले दोन संच सुरू झाले. 1979 ते 1981 या काळात प्रत्येकी 210 मेगावॉटचे आणखी तीन आले. पहिले दोन केव्हाच निवृत्त झाले आणि 660 मेगावॉटच्या नव्या संचाची मागणी आपण वर्षानुवर्षं करतो आहोत. तो विषय वेगळा. सांगायचं ते असं की आपल्या देशातल्या कोळशात तिसरा हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, नुसती राख असते. वीज तारांवरून मुंबई-पुण्याला गेली आणि राख गावात राहिली. ती वाळत घातलेल्या कपड्यांवर बसली, पापडांवर बसली, शेतातल्या पानांवर बसली. राखेचे बंधारे भरत गेले आणि उन्हाळ्यात वारा सुटला की दारं-खिडक्या लावून बसायचं, हे इथल्या दोन पिढ्यांनी केलं आहे.

त्या राखेचं पुढे काय झालं ते नीट आठवा, कारण माझं सगळं म्हणणं त्यावर उभं आहे. 14 सप्टेंबर 1999 रोजी केंद्र सरकारनं राखेची अधिसूचना काढली. तिनं एकीकडे विद्युत केंद्रांना बजावलं की राख किमान दहा वर्षं फुकट द्या, आणि दुसरीकडे वीट करणाऱ्यांना बजावलं की केंद्रापासून 50 किलोमीटरच्या आत असाल तर राख वापरावीच लागेल. हे अंतर 2003 मध्ये 100 किलोमीटर झालं, 2016 मध्ये 300. त्याच 2016 साली महाराष्ट्रानं स्वतःचं राख धोरण आणलं. 2021 च्या डिसेंबरात तर सगळीच्या सगळी राख वापरात आणण्याची सक्ती आली. आज त्याच राखेच्या विटांनी आपल्या भिंती उभ्या आहेत, आणि राखेसाठी बल्कर गाड्या येतात. वीटवाल्याला एका रात्रीत पर्यावरणाचं प्रेम आलं असं कुणी समजू नये. माल फुकट होता, देणाऱ्यावर सक्ती होती आणि घेणाऱ्यावरही होती. तीन गोष्टी एकत्र आल्या म्हणून राख उचलली गेली. राडारोड्याच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी आता जमवता येतात, आणि त्या जमवायला एकलहऱ्याइतकी सोयीची जागा नाशिक जिल्ह्यात दुसरी नाही.

आधी राडारोडा म्हणजे किती, ते बघू. पाडकामाचा हिशेब आपण ट्रॉल्यांत करतो, तोही अंदाजानं. तंत्रज्ञानविषयक अंदाज बांधणाऱ्या ‘टायफॅक’ या केंद्रीय संस्थेनं पूर्वीच एक ठोकताळा दिला आहे: घर पाडलं तर दर चौरस मीटरला 300 ते 500 किलो राडारोडा निघतो, आणि नवं बांधताना 40 ते 60 किलो. नुसत्या दुरुस्तीतही 40-50 किलो. आपल्याकडचं साधं 600 चौरस फुटांचं स्लॅबचं घर धरा. ते सुमारे 56 चौरस मीटर भरतं. म्हणजे पाडल्यावर 17 ते 28 टन. ट्रॅक्टरच्या पाच ते आठ ट्रॉल्या, एका घराच्या. आता आपल्या गल्लीत गेल्या पाच वर्षांत किती घरं पडून नवी झाली ते मनात मोजा आणि तो माल गेला कुठे ते आठवून बघा. देशभराचा सरकारी अंदाज वर्षाला 15 कोटी टनांचा आहे, आणि दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्रानं 2020 मध्ये दाखवून दिलं की त्यातल्या जेमतेम एक टक्क्यावर प्रक्रिया करण्याची सोय देशात होती.

आपली अडचण भूगोलाचीही आहे. दसक, पंचक, चेहेडीपर्यंत महापालिकेची हद्द आणि त्यापुढे ग्रामपंचायती. शहरात राडारोडा रस्त्यावर टाकला तर निदान दंडाची भीती असते. हद्द ओलांडली की विचारणारं कुणी नाही. जेल रोडला किंवा नाशिकरोडला पाडकाम घेतलेला माणूस डिझेलचा हिशेब करणारच. जवळात जवळ, मोकळं आणि अंधारं ठिकाण शोधणारच. त्यात आपल्याकडे नदी आहे, नाले आहेत, रस्त्यालगतचे खोलगट पट्टे आहेत. रात्री ट्रॉली मागे घेतली, हायड्रॉलिक उचललं, की दोन मिनिटांत काम संपतं. सकाळी त्या ढिगावर कुणीतरी घरचा कचरा टाकतं, मग मेलेलं जनावर, मग गादीचा कापूस. एक ट्रॉली पडली की ती जागा कायमची बाटते, हे ज्यांच्या दाराजवळ झालं आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

पण फक्त शहराकडे बोट दाखवून भागणार नाही. यातला मोठा वाटा आपल्याच घरांचा आहे. “अरे टाक तिकडं नाल्याच्या कडेला, पावसानं जाईल वाहून,” हे वाक्य गावातलंच आहे. काँक्रीट वाहून जात नाही. माती जाते, गाळ जातो, आणि स्लॅबचा तुकडा नाल्यातल्या सिमेंटच्या नळ्याच्या तोंडाशी आडवा बसतो. त्याला प्लॅस्टिकच्या पिशव्या अडकतात, मग ऊस-मक्याचं धाट अडकतं, आणि जुलैच्या पहिल्या मोठ्या सरीला मोरीवरून पाणी जातं. ज्या शेताला कधी पाणी लागलं नव्हतं तिथं ते शिरतं. रस्ता कुणी खचवला? तर ज्यानं नळ्याचं तोंड बुजवलं त्यानं.

गोदावरीचं तर आपल्याला माहीतच आहे. 1969 चा पूर म्हाताऱ्यांनी पाहिला, 19 सप्टेंबर 2008 चा बहुतेकांनी, 2016 आणि 2019 च्या ऑगस्टमधले सगळ्यांनी. आपल्या बंधाऱ्यावरून पुढे जाणारं पाणी सायखेडा-चांदोरीला पोचतं, आणि त्या गावांचे हाल आपण दर मोठ्या पुरात बातम्यांत बघतो. त्याच्याही पुढे नांदूरमध्यमेश्वर आहे. 2020 मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं आणि तिथला गाळ हा निफाड तालुक्याचा जुना प्रश्न आहे. सायखेड्याचा पूर एकलहऱ्याच्या राडारोड्यानं येतो असं म्हणणं अतिशयोक्तीचं होईल. धरणांचा विसर्ग, पाऊस, पात्रातलं अतिक्रमण, गाळ, सगळं त्यात असतं. पण नदीची कड बुजवण्यात आपली एक ट्रॉली असेल तर तिचा जाब आपणच द्यायचा आहे. निळ्या पूररेषेच्या आतली जागा भराव टाकून ‘वर आणायची’ आणि मग तिथं पत्र्याचा गाळा टाकायचा, हा उद्योग जे करत असतील त्यांनी निदान या वर्षी थांबवावा. नदी ती जागा परत मागायला येतेच.

आता नदीच्या दुसऱ्या टोकाला बघा. ब्रह्मगिरीच्या परिसरात डोंगर पोखरल्यावरून, बेळगाव ढग्याजवळच्या संतोषा-भागडीच्या टेकड्यांवरून नाशिकमध्ये 2021 मध्ये केवढं आंदोलन झालं ते विसरलेलो नाही. ते डोंगर फोडायचे कशासाठी, तर दगड, मुरूम आणि खडीसाठी. गोदावरी जिथं उगम पावते त्या बाजूचा दगड फोडून खडी करायची, तिचं काँक्रीट करायचं, तीस-चाळीस वर्षांनी ते काँक्रीट फोडायचं आणि त्याच गोदावरीत खालच्या अंगाला टाकून द्यायचं. हा व्यवहार कुठल्याही शेतकऱ्याला, कुठल्याही दुकानदाराला शहाणपणाचा वाटणार नाही. आपण मात्र तो रोज करतो.

एखाद्या पाडकामावर गेलात तर स्लॅबचा ताजा फुटलेला तुकडा उचलून बघा. बाहेरून राखाडी दिसतो, पण फुटलेल्या बाजूला आतली काळी खडी चकाकते. तो आपला सह्याद्रीचा काळा पाषाण आहे, कोट्यवधी वर्षांचा. स्लॅबमध्ये चाळीस वर्षं काढल्यानं त्याचं काहीही बिघडलेलं नाही. सळई गंजते, प्लास्टर सुटतं, सिमेंट हवा-पाण्यानं कमकुवत होतं. खडी तशीच असते. तिच्या अंगाला जुनं सिमेंट चिकटलेलं असतं म्हणून ती पाणी थोडं जास्त पिते. तेवढं लक्षात घेऊन वापरावी लागते, इतकंच.

खरं तर पाडकामातला बराच माल आजही वाया जात नाही, आणि त्याचं श्रेय कुठल्याही योजनेला नाही. ब्रेकरनं स्लॅब फोडला की मजूर त्यातून सळई ओढून काढतात, दगडावर ठेवून हातोड्यानं सरळ करतात आणि भंगारात किलोवर देतात. जुन्या विटांचा चुना-मसाला करणीनं खरवडून त्या पुन्हा रचतात. नाशिकच्या जुन्या वाड्यांतल्या पक्क्या विटांना तर मागणीच असते. सागवानी चौकटी, खांब, तुळया आधीच कुणीतरी बोलून ठेवलेल्या असतात. तुकडा झालेली वीटसुद्धा आपल्याच छपरावर जाते, कारण गच्चीवरचा पाणी अडवणारा कोबा विटांच्या तुकड्यांचाच असतो. जुन्या काळी पडक्या गढीची पांढरी माती शेतात नेत, कारण तिच्यात खत असतं हे लोकांना माहीत होतं. म्हणजे घर पाडलं की त्याचा माल पुढच्या कामाला लागतो, ही आपली जुनी रीतच आहे. ती मोडली ती काँक्रीट, प्लास्टर, टाइल, पीओपी, थर्माकोल आणि रंगाचे डबे एकाच ट्रॉलीत भरायला लागल्यापासून. मिसळलेला ढीग कुणालाच नको असतो, कारखान्यालाही नको असतो.

म्हणून घरमालकांना आणि मुकादमांना सगळ्यात मोठी विनंती ही, की पाडताना वेगळं करा. पाडून झाल्यावर वेगळं करणं कुणाच्याही हातचं नाही. पाडकाम सुरू होण्याआधी आतलं सामान काढा: दारं, खिडक्या, ग्रिल, नळ, संडासाची भांडी, वायरिंग. मग पीओपीचं छत आणि जिप्समचे बोर्ड काढा आणि ते बाजूला ठेवा, कारण जिप्सम काँक्रीटच्या खडीत गेलं तर पुढे त्या खडीचं नवं काँक्रीट बिघडवतं. त्यानंतर फरशा आणि टाइल. मग स्लॅब आणि बीम. शेवटी विटांच्या भिंती. जागा नसेल, आणि गावठाणात ती नसतेच, तर चार ढीग करायचा हट्ट धरू नका. ढीग चार करता येत नसतील तर दिवस चार करा. आज काँक्रीटची ट्रॉली, उद्या विटांची, परवा मातीची. एका ट्रॉलीत एकच माल जाईल एवढं मुकादमाशी आधीच बोलून घ्या. मजुरी थोडी वाढेल. विटा आणि सळई विकून ती भरून निघते का ते एकदा करून बघा.

एका गोष्टीत मात्र काटकसर नको. जुन्या घरांवरचे, गोठ्यांवरचे, गोदामांवरचे सिमेंटचे पत्रे बहुतेक आस्बेस्टॉसचे असतात. छपरावर असेपर्यंत ते फारसा त्रास देत नाहीत. ते फोडले, कापले किंवा ट्रॉलीत फेकले की त्यातून डोळ्याला न दिसणारे तंतू उडतात, श्वासातून फुप्फुसात जातात आणि तिथंच राहतात. त्यांनी होणारा आजार वीस-तीस वर्षांनी उगवतो, आणि तोवर तो पत्रा कुणी फोडला हे कुणाच्याही लक्षात नसतं. असा पत्रा पाण्यानं भिजवा, नटबोल्ट खोलून अख्खा उतरवा, तोंडाला चांगला मास्क बांधा, प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळून ठेवा, आणि तो कुठे द्यायचा हे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या नाशिकच्या कार्यालयाला विचारा. राडारोड्यात तो जाता कामा नये, भरावात तर नाहीच. गोठ्याच्या अंगणात पत्र्याचे तुकडे पसरून चिखल बुजवायची जी सवय आहे ती आजपासून बंद करा. त्या अंगणात आपलीच मुलं खेळतात.

शेतकऱ्यांशीही थोडं बोलायचं आहे. बांधाकडेचा खड्डा भरायला, शिवाररस्ता उंच करायला फुकट भराव मिळतो म्हणून आपण ट्रॉली बोलावतो. नुसते विटांचे तुकडे आणि काँक्रीट असेल तर शिवाररस्त्याखाली ते चालतंही. सोलिंगला दगड लागतोच. पण ट्रॉलीच्या मध्यात काय आहे ते ओतल्याशिवाय कळत नाही. काच, संडासाच्या भांड्यांचे तुकडे, रंगाचे डबे, खिळ्यांच्या फळ्या. मग नांगराचा फाळ तुटतो, बैलाच्या किंवा माणसाच्या पायात सळईचं टोक जातं. फुकटच्या भरावाला निदान दिवसा बोलवा आणि समोर उभं राहून ओतवून घ्या. रात्रीच यायचं म्हणणारा ट्रॉलीवाला ट्रॉलीत काय आहे ते दाखवू इच्छित नाही, एवढं ओळखावं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्याचे वेगळे नियम 29 मार्च 2016 रोजी आले. दिवसाला 20 टन किंवा महिन्याला एका कामाचा 300 टन राडारोडा करणाऱ्यानं तो काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लॅस्टिक आणि विटा-मसाला असा वेगळा करायचा, आणि काम सुरू करण्याआधी त्याचं नियोजन मंजूर करून घ्यायचं, असं त्यात होतं. छोट्यांचा राडारोडा जमा करायची सोय स्थानिक संस्थेनं करायची होती, आणि ज्या ग्रामपंचायतीकडे हे काम असेल तीही त्या व्याख्येत बसत होती. दहा लाखांवरच्या शहरांना प्रक्रिया केंद्र उभारायला दीड वर्ष दिलं होतं; नाशिकची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेतच जवळपास 15 लाख होती. सरकारी कामांत असा माल 10 ते 20 टक्के वापरावा, हेही त्याच नियमांत होतं. कागदावर सगळं होतं. आता 2025 चे नवे नियम 1 एप्रिल 2026 पासून लागू होत आहेत. 20,000 चौरस मीटर किंवा त्याहून मोठं बांधकाम करणाऱ्यावर आपल्या राडारोड्याची जबाबदारी थेट येते, आणि ती टाळली तर पर्यावरणीय भरपाई द्यावी लागते. म्हणजे राखेच्या गोष्टीतली ‘देणाऱ्यावरची सक्ती’ आली.

सक्ती न मानणाऱ्या शहराचं काय होतं ते मुंबईनं पाहिलं आहे. देवनार आणि मुलुंडच्या कचराभूमींचा प्रश्न सुटत नाही म्हणून उच्च न्यायालयानं 2016 मध्ये मुंबईत नव्या बांधकामांच्या परवानग्याच रोखल्या. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी सैल केली, तीही राडारोडा ठरलेल्या जागीच टाकायच्या अटीवर. त्यानंतर का होईना, दहिसर आणि डायघरला दिवसाला प्रत्येकी 600 टनांचे प्रक्रिया प्रकल्प उभे राहिले. दिल्लीत बुराडीचा प्रकल्प तर 2009 पासून चालू आहे, आणि त्याच्या ब्लॉकांनी सर्वोच्च न्यायालयाच्या विस्तारित इमारतीचं काम झालं आहे. ‘असला माल टिकेल का’ या प्रश्नाला याहून वेगळं उत्तर द्यायची गरज नसावी.

तरी देतो, कारण आपले इंजिनिअर कागद मागतात आणि ते बरोबरच आहे. खडी-वाळूचं भारतीय मानक, क्रमांक 383, 2016 मध्ये सुधारलं गेलं. जुन्या काँक्रीटपासून केलेली खडी साध्या काँक्रीटमध्ये 25 टक्क्यांपर्यंत, एम 25 पर्यंतच्या आरसीसीत 20 टक्क्यांपर्यंत आणि एम 15 पेक्षा कमी ताकदीच्या पीसीसीत पूर्णच्या पूर्ण वापरायला ते मुभा देतं. रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची 2017 ची 121 क्रमांकाची मार्गदर्शिका आहे. म्हणजे तुमच्या घराचा कॉलम याच मालाचा करा असं कुणी म्हणत नाही. पण अंगणातले पेव्हर ब्लॉक, रस्त्याच्या कडेचे कर्ब, गटाराची तळपट्टी, कुंपणभिंतीचे ब्लॉक, फरशीखालची पीसीसी, शिवाररस्त्याचा पाया, एवढ्या कामांना नवा डोंगर फोडायचं कारण नाही.

आणि यासाठी लागणारी अवजारं आपल्याच गावात आहेत. ज्यांचा राखेच्या विटांचा किंवा ब्लॉकचा धंदा आहे त्यांच्याकडे प्रेस आहे, साचे आहेत, पाणी मारायची जागा आहे, मजुरांचा हात बसलेला आहे. ते आज क्रशरची कच विकत घेतात. तिच्यातला काही भाग राडारोड्याच्या बारीक मालानं भागवता येईल. त्यासाठी लागेल तो एक जबड्याचा क्रशर, एक चाळण, लोखंड उचलणारं चुंबक आणि माती धुऊन काढायची सोय. राख सिमेंटची काही जागा घेते आणि राडारोडा कचेची. एका जागी या दोन्ही गोष्टी हाताशी असणं हे दुर्मीळ आहे. ताकदीबद्दल शंका असेल तर दिंडोरी रस्त्यावर ‘मेरी’ आहे. महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था नाशिकमध्येच असताना नमुने तपासायला आपण कुठे लांब जायचं? वीट-ब्लॉकवाल्यांपैकी दोघा-चौघांनी पुढे यावं, पन्नास ब्लॉक करावेत, ते दाबून तपासून घ्यावेत आणि अहवाल ग्रामपंचायतीत लावावा. चर्चा त्यानंतर वेगळ्याच पातळीवर जाईल.

घाई का, ते आता सांगतो. सिंहस्थ कुंभमेळ्याचं ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026 ला आहे आणि पहिलं अमृतस्नान 2 ऑगस्ट 2027 ला. तोपर्यंत नाशिकमध्ये रस्ते रुंद होणार, पूल आणि घाट होणार, जुनी बांधकामं निघणार. रामकुंड परिसरातल्या जुन्या कुंडांवरचं काँक्रीट काढावं म्हणून तर नाशिककर न्यायालयापर्यंत गेले होते. हा सगळा पाडकामाचा माल कुठेतरी जाणार, आणि त्याच कामांना लाखो ब्लॉक आणि कर्ब लागणार. कुंभमेळा प्राधिकरणानं आणि बांधकाम विभागानं निविदांत दोन वाक्यं घातली, की पाडकामाचा माल कुठे गेला त्याची वजनपावती जोडल्याशिवाय बिल निघणार नाही, आणि पेव्हर-कर्बमध्ये ठरावीक हिस्सा पुनर्वापराच्या खडीचा हवा, तर घेणाऱ्यावरची सक्तीही येईल. ही मागणी आमदार-खासदारांकडे, जिल्हाधिकाऱ्यांकडे आणि महापालिकेकडे लेखी गेली पाहिजे, गावाच्या ठरावासह. विद्युत केंद्रालाही आपण विनंती करू, की आवारातलं जे जुनं बांधकाम पुढे पाडलं जाईल त्याचा माल वेगळा करून स्थानिक ब्लॉकवाल्यांना द्यावा, जशी राख दिली. गोदावरीत डुबकी घ्यायला कोट्यवधी लोक येणार आणि तिच्याच काठावर कुंभाच्या कामांचा राडारोडा पडलेला असणार, हे चित्र आपल्याला चालणार आहे का? नसेल तर बोलायची वेळ हीच आहे. निविदा निघून गेल्यावर कुणी ऐकत नाही.

राहिली आपली ग्रामसभा. मागण्या मोठ्या नाहीत. पूररेषेबाहेरची, वस्तीपासून बाजूची, कुंपण घातलेली एक जागा. तिथं काँक्रीट, विटा, माती असे तीन कप्पे आणि दिवसा नोंदवही घेऊन बसणारा एक माणूस. घरबांधणीचा दाखला देताना पाडकामाचा माल कुठे टाकणार हे लिहून घेणं आणि थोडी अनामत ठेवणं; पावती दाखवली की अनामत परत. अंधार पडल्यावर राडारोड्याच्या ट्रॉलीला गावाच्या हद्दीत बंदी. नदीकाठ आणि नाल्यांवर टाकणाऱ्याला दंड, गावचा असो की शहरातला. ट्रॅक्टरवाल्यांच्या पोटावर यानं पाय येत नाही. उलट ठरलेली जागा असली की खेप उघडपणे मारता येते, रात्री दबकत जावं लागत नाही आणि भाडंही बोलून घेता येतं. त्यांच्यातल्या काहींनी ठरावाला सूचक-अनुमोदक म्हणून उभं राहावं अशी माझी खास विनंती आहे.

ग्रामसभेच्या गणपूर्तीला शंभर माणसं पुरतात, आणि तेवढीही न जमल्यानं सभा तहकूब झालेली आपण पाहिली आहे. ठराव लेखी द्यायचा असेल तर आधीच्या आठवड्यात ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घ्या. 1 मेला सकाळी ध्वजवंदन झालं की लगेच घरी जाऊ नका.